सिकलसेल : हा शाप नव्हे, रक्तातल्या एका अक्षराचा बदल

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किनवट तालुक्यातील एक मुलगा दहावीला चांगले गुण मिळवून अकरावी-बारावीसाठी लातूरला राहिला होता. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत एके दिवशी पहाटे गार पाण्याने अंघोळ केली आणि दुपारपासून त्याचे हातपाय व कंबर असह्य दुखू लागली. आई-वडील त्याला गावाकडे घेऊन निघाले आणि वाटेत नांदेडला माझ्या दवाखान्यात उतरले. मुलाचे डोळे पिवळे, चेहरा पांढुरका, सांधे ठणकत होते.

हा मुलगा मला नवा नव्हता. दोन वर्षांपूर्वी असेच दुखणे घेऊन तो आला होता आणि मी ‘संधिवात असावा’ असे समजून वेदनाशामक गोळ्या देऊन त्याला परत पाठवले होते. मधल्या काळात गावात दोनदा कावीळ उतरवून झाली होती, रक्तवाढीच्या बाटल्या पिऊन झाल्या होत्या. या वेळी मात्र रक्त खास तपासणीसाठी पाठवले आणि उत्तर आले, सिकलसेल. निदानाला दोन वर्षे उशीर झाला आणि त्यात माझाही वाटा होता, हे मी मान्य केले पाहिजे.

अहवाल समजावून सांगितल्यावर मुलाच्या आईने एकच प्रश्न विचारला, “डॉक्टरसाहेब, आमच्या कुळाला कुणाचा तळतळाट लागला का हो?” मी म्हणालो, “नाही माय, तळतळाट नाही.” पण मग हे आहे तरी काय, ते दवाखान्याच्या गर्दीत नीट सांगता आले नाही. ते आज या लेखात सांगतो.

आजार म्हणजे नेमके काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या, मऊ आणि लवचिक असतात. त्यामुळे केसापेक्षाही बारीक रक्तवाहिनीतून त्या वाकून, दबून पुढे सरकतात. या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोहोचवायचा हे त्याचे काम. सिकलसेलच्या रुग्णात हे हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू सोडून दिल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार होतात आणि पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव.

अशा विळ्यांची बारीक रक्तवाहिनीत दाटी झाली की पुढचा रक्तप्रवाह थांबतो आणि त्या भागात भयंकर कळा येतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे ही त्याची नेहमीची निमित्ते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी राहते. फुटलेल्या पेशींतील पिवळे द्रव्य साचून डोळे पिवळे दिसतात. ही कावीळ यकृताच्या आजाराची नसते, त्यामुळे ती ‘उतरवून’ उतरत नाही.

या पेशी प्रथम दिसल्या त्या शिकागोमध्ये. ग्रेनाडा बेटावरून तेथे शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात त्या आढळल्या आणि डॉ. हेरिक यांनी १९१० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये हा दोष आढळला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात केली. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातील आदिवासी पाड्यांवर जाऊन हजारो रक्तनमुने तपासले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज आपल्याला ठाऊक आहे की विदर्भाचे पूर्वेकडील जिल्हे, नंदुरबार-धुळ्याचा पट्टा आणि मराठवाड्याचा काही भाग येथे हा दोष आढळतो. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत शंभरात वीस ते पस्तीस माणसे या दोषाची वाहक असतात. पण हा काही एकाच जाती-जमातीचा आजार नव्हे. विदर्भात इतर समाजांतही तो आहे.

एका अक्षराचा बदल

हा दोष येतो कोठून, हे समजण्यासाठी एका जंतूची ओळख करून घेतली पाहिजे. न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस हा जिवाणू आपण सर्वच डॉक्टर ओळखतो. या जिवाणूचे दोन प्रकार असतात, एक घातक आणि एक निरुपद्रवी. १९२८ साली लंडनमधील ग्रिफिथ यांनी उष्णतेने मारलेले घातक जंतू आणि जिवंत निरुपद्रवी जंतू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जंतू सापडले. मेलेल्या जंतूने आपला गुण जिवंत जंतूला दिला होता. तो कशाच्या मार्फत दिला, याचे उत्तर १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. ते द्रव्य म्हणजे डीएनए. आनुवंशिक गुण डीएनएमध्ये असतात, हे माणसाने प्रथम शिकले ते या साध्या जंतूकडून.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली एक लांबलचक पोथी समजा. शरीरातील प्रत्येक द्रव्य कसे बनवायचे, याची कृती तिच्यात लिहिलेली असते. अशा एका कृतीला जनुक म्हणतात. हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीची कृती आपल्या अकराव्या गुणसूत्रावर आहे. या साखळीत १४६ मणी असतात. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन मुळातच वेगळे असते हे सिद्ध केले आणि १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या इन्ग्राम यांनी फरक नेमका कोठे आहे ते दाखवले. १४६ पैकी केवळ सहावा मणी बदललेला होता. तो बदलतो कारण पोथीतले एकच अक्षर बदललेले असते. बाकी सर्व मजकूर जसाच्या तसा. या एका अक्षरापायी लातूरच्या खोलीत तो मुलगा रात्रभर तळमळत होता.

मग हा बदल टिकला कसा?

वाचक विचारतील, हे अक्षर इतके घातक आहे तर ते हजारो वर्षांत नाहीसे का झाले नाही? रुग्ण तर पूर्वी लहानपणीच दगावत. याचे उत्तर दुसऱ्या एका जंतूपाशी आहे, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे हिवतापाचा परजीवी.

हिवताप डासामुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत मिळाला. नांदेडहून रेल्वेने रात्रीतून पोहोचता येते असे ते गाव. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. हिवतापाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशीत शिरून वाढतो. १९५४ साली ॲलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत असे दाखवले की ज्यांच्याकडे सिकलसेलचे एकच जनुक आहे, अशा मुलांना जीवघेणा हिवताप कमी होतो. परजीवी शिरलेली त्यांची पेशी लवकर वाकडी होते, पानथरी म्हणजे प्लीहा तिला रक्तातून काढून टाकते आणि परजीवीची वाढ खुंटते.

आता कोड्याचा उलगडा होतो. दाट जंगल, साचलेले पाणी आणि हिवतापाचा जोर असलेल्या मुलखात एक जनुक असणारी मुले जगली, मोठी झाली, त्यांना मुलेबाळे झाली. दोन्ही जनुके सदोष असलेली मुले मात्र दगावली. म्हणजे हे अक्षर ज्यांच्या रक्तात आहे, त्यांचे पूर्वज हिवतापाशी झुंज देऊन टिकलेले लोक होते. त्या माउलीला मला हेच सांगायचे होते. हा कुणाचा तळतळाट नाही. पूर्वजांना ज्याने वाचवले, त्याचेच ओझे नातवंडांवर आले आहे.

येथे एक गैरसमज दूर करतो. हे संरक्षण एकच जनुक असणाऱ्याला मिळते, तेही अपुरे. सिकलसेलच्या रुग्णाला हिवताप झाला तर तो जास्तच धोकादायक ठरतो. त्याला मच्छरदाणी सर्वांत आधी हवी.

वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर तो माणूस ‘वाहक’. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, सामान्य आयुष्य जगतो. फार उंच पहाडावर किंवा उन्हात पाण्यावाचून अतिश्रम करताना त्याने जपावे, एवढेच. दोन्ही प्रती सदोष असतील तर तो ‘रुग्ण’.

नवरा-बायकोपैकी एक वाहक व दुसरा निर्दोष असेल तर त्यांना रुग्ण मूल होत नाही. मुले निर्दोष किंवा वाहक होतील. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल निर्दोष असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि रुग्ण असण्याची चारात एक असते. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन चांगलीच होतील, असा हिशेब मांडणारी जोडपी मला भेटली आहेत. तसे नसते. दर वेळी नाणे नव्याने उडते.

आता थोडे गणित करू. ज्या समाजात शंभरात वीस वाहक आहेत, तेथे न तपासता झालेल्या दर पंचवीस लग्नांत सरासरी एका लग्नात दोघेही वाहक असतात. त्या लग्नातील चौथा हिस्सा धरला, तर जन्मणाऱ्या शंभर मुलांत एक मूल हा आजार घेऊन येते. लग्नाआधी दोघांची तपासणी झाली तर यांतील बरेचसे दुःख टळू शकते.

तपासणी कोणती?

पहिली तपासणी विद्राव्यतेची, म्हणजे सोल्युबिलिटीची. बोटातील थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होते. तिच्यात दोष असल्याचे कळते, पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळात पहिली तपासणी फसवी ठरू शकते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असते. केवळ पहिल्या तपासणीवरून कोणाला ‘सिकलसेल आहे’ असे सांगणे आणि त्यावरून ठरलेले लग्न मोडणे, दोन्ही चूक.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवणे, हे तिचे उद्दिष्ट आहे. किनवट-माहूर भागातील लोकांनी गावच्या आशाताईंकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही विचारता येईल.

दोघेही वाहक असून लग्न झालेच असेल तर घाबरू नये. गरोदरपणाच्या दहा ते बारा आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेऊन गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रांत करता येते. त्यासाठी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. निर्णय त्या जोडप्याने घ्यायचा. डॉक्टरने अथवा सासूने नव्हे.

रुग्णाने काय सांभाळावे?

पुन्हा त्या न्यूमोकोकसकडे यावे लागते. या आजारात पानथरीतील रक्तवाहिन्या वारंवार तुंबून ती निकामी होत जाते. रक्तातील जंतू गाळण्याचे काम तीच करत असते. म्हणून लहान रुग्णाला न्यूमोकोकसचा संसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहान रुग्णांना पेनिसिलिन दिवसातून दोनदा दिल्यावर हा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. इतके साधे, इतके स्वस्त औषध! निदान झालेल्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच वर्षे वयापर्यंत पेनिसिलिन द्यावे आणि न्यूमोकोकसची लस चुकवू नये. ती आता सरकारी लसीकरणात मोफत आहे.

याशिवाय पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) पाणी भरपूर प्यावे. शाळेत, शेतात, एसटीच्या प्रवासात पाण्याची बाटली जवळ हवीच.

२) थंडीत गरम कपडे व कोमट पाण्याने अंघोळ. दुखऱ्या भागावर बर्फ लावू नये, हलका शेक द्यावा.

३) फॉलिक ॲसिडची गोळी नियमित घ्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नयेत. येथे रक्त कमी होते ते पेशी फुटल्याने, लोहाच्या अभावी नव्हे.

४) हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते आणि कळांचे झटके कमी होतात. ते वेळोवेळी रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. मूल होऊ द्यायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.

५) १०१ अंशांवर ताप, छातीत दुखून धाप लागणे, अचानक पांढरेफटक पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, किंवा पुरुषाच्या लिंगाची तासन्‌तास न उतरणारी वेदनादायक ताठरता, यांपैकी काहीही झाल्यास संकोच न करता, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

लातूरच्या वाचकांना वाटेल, हा प्रश्न किनवटच्या जंगलातला, आमचा काय संबंध? संबंध आहे. शिक्षणासाठी, ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी माणसे गाव सोडून येतात आणि रक्त बरोबर घेऊन येतात. वसतिगृहाच्या रेक्टरांनी आणि शिक्षकांनी अशा मुलाला ‘कामचुकार’ म्हणू नये. वारंवार हातपाय दुखतात, डोळे पिवळे असतात, रक्त कमी आहे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर माझ्या व्यवसायबंधूंनीही संधिवाताचा शिक्का मारण्याआधी एकदा सिकलसेल आठवावा. मी आठवला नव्हता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

जंतूनेच दिलेली कात्री

शेवटी तिसऱ्या जंतूची हकिकत. योगर्ट हा दह्याचाच पाश्चात्त्य भाऊ. त्याचे विरजण बनवणाऱ्या एका डॅनिश कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली असे दाखवले की विरजणातील जिवाणू आपल्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा स्वतःजवळ जपून ठेवतात आणि तोच विषाणू पुन्हा आला की त्याला ओळखून त्याचा डीएनए कापतात. जिवाणूंच्या या यंत्रणेला क्रिस्पर म्हणतात. २०१२ साली शार्पेंतिए आणि डाउडना या दोघा शास्त्रज्ञ महिलांनी हीच यंत्रणा हव्या त्या ठिकाणी डीएनए कापणारी कात्री म्हणून वापरता येते हे सिद्ध केले. २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. २०२३ च्या अखेरीस या कात्रीवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि तो आजार होता सिकलसेल! रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळ पेशी काढून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणारी कळ कात्रीने निकामी करून त्या परत देतात. अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या देशातही स्वस्त उपचारासाठी संशोधन चालू आहे. तो किनवटच्या झोपडीपर्यंत येईपर्यंत मात्र पाणी, पेनिसिलिन, लस, हायड्रॉक्सीयुरिया आणि लग्नाआधीची तपासणी, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. औषध नियमित चालू झाल्यावर त्याचे झटके खूप कमी झाले. एक वर्ष वाया गेले, पण बारावी झाली. त्याच्या थोरल्या बहिणीची तपासणी केली तेव्हा ती वाहक निघाली. तिचे लग्न ठरलेले होते. “मुलाचीही तपासणी करा, तो निर्दोष असेल तर काहीच अडचण नाही,” असे मी मुलाकडच्यांना समजावले. त्यांनी तपासणी केली नाही, लग्न मोडले. मुलीचा काही दोष नसताना तिला हे सोसावे लागले. दोन वर्षांनी दुसरे स्थळ आले. या वेळी मुलीने स्वतःच आधी आपला अहवाल पुढे ठेवला आणि नवऱ्या मुलाला तपासणीला पाठवले. तो निर्दोष होता. आज त्यांना दोन मुली आहेत, एक वाहक आणि एक निर्दोष. दोघी ठणठणीत आहेत.

पत्रिका जुळवताना आपण छत्तीस गुण पाहतो. त्यासोबत रक्ताचा हा एक अहवालही दोन्ही घरांनी पाहावा, एवढीच विनंती.